साडेतीन माशांचा नांगर

प्रवरेकाठच्या अकोल्यात नांगर म्हटला की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. त्यामुळे लोहाराच्या दुकानात जाऊन मी 'चार फाळांचा नांगर करून द्याल का' असं विचारलं, तेव्हा मिस्तरींनी साहजिकच ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा आहे ते विचारलं. मी अंगठा आणि तर्जनीत चार सेंटिमीटरचं अंतर धरून दाखवलं. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, सोनाराकडे जा.

म्हणाले ते थट्टेनं, पण सल्ला खरा निघाला. माझा नांगर शेवटी सोनाराच्याच पाटावर झाला. दीड मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे चार तुकडे, मधे एकत्र आवळून डाग दिलेले, खालची टोकं ठोकून चपटी केलेली आणि वर वळवलेली. सोनारानं सवयीनं तो काट्यावर टाकला. साडेतीन मासे भरला. मी घरी येऊन हिशेब केला. माझं गलबत म्हणजे एकास चाळीस या प्रमाणातली प्रतिकृती. चाळीसचा घन चौसष्ट हजार. साडेतीन मासे म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम, त्याला चौसष्ट हजारांनी गुणलं, तांब्याऐवजी लोखंड धरलं, तर खरा नांगर दोनशे किलोच्या आसपास येतो. चार-पाच खलाश्यांनी मिळून उचलावा असा. म्हणजे बरा जमला होता.

समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मधे सह्याद्री. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलं की कोकण दिसतं, समुद्र नाही. आणि गावाचं दैवत कोण, तर अगस्ती ऋषी. प्रवरेकाठी त्यांचा आश्रम, त्यांच्याच नावाचा साखर कारखाना. ज्यांनी अख्खा समुद्र एका आचमनात पिऊन टाकला त्यांच्या गावात बसून मी आरमारी गलबत बांधतो म्हटल्यावर लोक हसणारच. पण समुद्र या तालुक्याला अगदीच परका नाही. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या झंझ राजानं बांधलं असं सांगतात, आणि शिलाहार म्हणजे उत्तर कोकणच्या किनाऱ्याचे धनी. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांत समुद्रावरची लढाई कोरली आहे: डोलकाठ्या असलेली जहाजं आणि त्यांच्या अंगाला एकेरी ओळीत वल्ही. त्या वीरगळांचा संबंध शिलाहार आणि यादव यांच्यातल्या युद्धाशी जोडतात. पाथरवटानं वल्ही मोजून कोरली की अंदाजानं, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नसता. हल्ली पडतो.

मुळात मी गलबताच्या नादी लागलो तो आरमाराच्या एका चित्रावरून. कॅलेंडरवर आपण पाहतो ते मराठा आरमार बहुतेक वेळा इंग्रजी फ्रिगेट असतं. तीन उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडांच्या चार-चार ओळी, अंगात तोफांची माळ आणि वर भगवा. आज्ञापत्र वाचलेल्या माणसाला हे चित्र खटकायला हवं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात आरमाराचं प्रकरण आहे, आणि त्यात स्पष्ट सांगितलं आहे की गुराबा, म्हणजे गलबताहून मोठी लढाऊ जहाजं, फार थोर नकोत, फार लहान नकोत. गलबतंही तशीच मध्यम करावीत. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी मोठी जहाजं करूच नयेत. एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असं त्यांचं माप. म्हणजे एका गुराबेमागे तीन गलबतं. वारा पडला की हीच गलबतं वल्हवत गुराबांना ओढून न्यायची, आणि वाऱ्याविना खिळून राहिलेल्या परक्या जहाजाच्या पिछाडीला आणून उभी करायची. तिथून तोफा डोलकाठ्यांवर आणि दोरखंडांवर. मराठा आरमाराची सगळी करामत या वल्ह्यांत होती, आणि कॅलेंडरवाल्यानं नेमकी तीच काढून टाकली.

गलबताचं वर्णन मिळतं ते शत्रूच्या पुस्तकात. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १७६३ साली छापला गेला. आंग्र्यांच्या आरमाराबद्दल त्यानं दीड-दोन पानं लिहिली आहेत, आणि ती माझ्या भिंतीवर दोन वर्षं चिकटवलेली आहेत. गलबत सत्तर टनांच्या वर क्वचितच जातं. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी बारीक. पुढच्या काठीला एकच प्रचंड त्रिकोणी शीड, चढवल्यावर त्याचं टोक काठीच्याही बरंच वर जातं. बहुतेक गलबतांवर वजन कमी राहावं म्हणून चिरलेल्या बांबूची तक्तपोशी. तोफा म्हणाव्यात तर काठावर फिरत्या बसवलेल्या छोट्या, ज्यांना आपण जंबुरे म्हणतो. मोठ्या गलबतांवर मात्र दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. आणि चाळीस-पन्नास भक्कम वल्ही. वेग तासाला चार मैल. संपलं.

आपल्याकडचे जहाज बांधणारे सुतार कागदावर नकाशा काढत नसत. हात, डोळा आणि दोरी हेच त्यांचं माप. आणि आंग्र्यांच्या ज्या आरमारावरून माप घेता आलं असतं ते फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत जळालं. समोर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवर त्यांच्या मदतीला पेशव्यांचीच फौज. त्या आगीबद्दल मराठी इतिहासकार एकमेकांशी अजून भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. मला वल्ह्यांमधलं अंतर हवं होतं.

कारण सांगाडा माफ करतो. तो इंचभर लांब झाला तर कोणाला कळत नाही, घासून गुळगुळीत केला की झालं. बारीकसारीक सामान मात्र जाब विचारतं. हे वल्हं कशाला टेकतं? हा दोर कुठून येतो आणि कुठे बांधतात? बांधणारा माणूस उभा कुठे राहतो? इतिहासाच्या पुस्तकात 'चाळीस वल्ही' असे दोन शब्द लिहून पुढे जाता येतं. चाळीस वल्ही करायला बसलात की ती आधी लांबी मागतात. एकामागे एक बसलेल्या दोन वल्हेकऱ्यांच्या मधे नव्वद सेंटिमीटर तरी जागा लागते, नाहीतर मागच्याचं वल्हं पुढच्याच्या पाठीत. एका बाजूला वीस माणसं, म्हणजे अठरा मीटर. पुढे निमुळती नाळ आणि मागे सुकाण्याची जागा मिळून आणखी सात. पंचवीस मीटर. एकास चाळीसनं साडेबासष्ट सेंटिमीटर. मी आधीच बांधलेला सांगाडा एकावन्न सेंटिमीटरचा होता. तो आता आमच्या घरी फुलांच्या परडीचं काम करतो, दसऱ्याला झेंडूनं छान भरतो.

दुसऱ्या सांगाड्याच्या वेळी शहाणा झालो. आधी चार सेंटिमीटर उंचीचा एक पुठ्ठ्याचा माणूस कापला. खऱ्या मापात पाच फूट तीन इंच. त्याचं नाव तांडेल. प्रत्येक वस्तू करताना तो शेजारी उभा करायचा. काठ त्याच्या कमरेला येतो का, जंबुऱ्याची शेपटी त्याच्या हातात येते का, तक्तपोशीखालून तो वाकून तरी जाऊ शकतो का. जगभरचे प्रतिकृती करणारे हा उद्योग करतात. तांडेलानं माझ्या निम्म्या वस्तू नापास केल्या. पहिल्या खेपेच्या कप्प्या त्याच्या डोक्याएवढ्या होत्या.

कप्पी हा या छंदातला खरा रोग. परदेशात तयार पाकिटं मिळतात. पण ती युरोपी जहाजांच्या मापाची, आणि त्यांच्या सोबत येणारे तीन भोकांचे गोल लाकडी डोळे तर गलबताच्या दोरकामात शोभतच नाहीत. युरोपी जहाजात डोलकाठीला आवळणारे दोर कायमचे ताणून बसवलेले असतात. त्रिकोणी शिडाच्या आपल्या जहाजात बाजू बदलली की ते सोडून पुन्हा दुसरीकडे ताणावे लागतात, म्हणून तिथे कप्पीवर ओढायचे दोर लागतात. हे कळायला मला पाकिटाचे पैसे मोजावे लागले.

कप्पीसाठी लाकूड लागतं बारीक दाण्याचं. सागावर कानस फिरवली की चार मिलिमीटरच्या तुकड्यात त्याचा एखादा रेषाच अर्धी जागा अडवतो. तिकडचे लोक नासपतीचं लाकूड वापरतात. आमच्या डोंगरात काळा कुडा आहे. पांढरंशुभ्र, हस्तिदंतासारखं लाकूड, कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी याचीच होतात. बांधावरची एक वाळकी फांदी दोन गलबतांना पुरली. तिच्या चार मिलिमीटर रुंद पट्ट्या काढायच्या, पट्टीवर दोन्ही बाजूंनी दोर बसायची खाच कानशीनं पाडायची, अर्ध्या मिलिमीटरच्या सुईगिरमिटानं भोकं पाडायची आणि मग एकेक कप्पी सुटी करायची. सुट्या कप्प्या चौकोनीच राहतात. त्यांना गोलाई आणायला मी आतून पॉलिश पेपर लावलेला एक लोणच्याचा डबा जुन्या मिक्सरच्या मोटरला जोडला. पहिल्या प्रयत्नात मोटर इतकी पळाली की तीस कप्प्यांचा भुसा झाला. मग हातानं फिरवायचा दांडा बसवला. तासभर फिरवलं की गुळगुळीत, गोंडस कप्प्या निघतात, आणि खांदा निघून येतो. सव्वीस लागल्या. चाळीस केल्या, कारण चिमट्यातून सुटलेली कप्पी फरशीवर पडते आणि फरशी तिला परत देत नाही.

दोराची कथा वेगळी. बाजारचा शिवणकामाचा दोरा दोरासारखा दिसत नाही, दोऱ्यासारखा दिसतो. खऱ्या दोरखंडाचे तीन पदर डोळ्याला कळले पाहिजेत. म्हणून दोरा विकत घेऊन त्याचा दोर स्वतः वळायचा. आमच्याकडे अंबाडीचे आणि घायपाताचे दोर वळणारी म्हातारी माणसं अजून सापडतात, आणि शास्त्र तेच: तीन पदरांना एका दिशेनं पीळ भरायचा, मग तिन्ही एकत्र उलट्या दिशेनं वळू द्यायचे. उलटा पीळ सुलट्या पिळाला धरून ठेवतो. मी खिडकीच्या गजाला तीन आकडे लावले, समोर हातड्रिल. सुती दोऱ्याची लव फार, चाळीसपट मोठी केली तर दोरखंडाला गवत फुटल्यासारखी दिसेल. म्हणून वळलेला दोर मेणबत्तीच्या ज्योतीवरून झपकन फिरवायचा. लव जळते, दोर राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण मी लहानपणापासून माणसांबद्दल ऐकत आलो; ती दोरकामातली साधी सूचना आहे हे पन्नाशीत कळलं. नंतर कातात बुडवून काथ्याचा रंग, आणि शेवटी मधमाशीचं मेण. या मेणानं पुढे घात केला.

तक्तपोशीला बांबू आमच्याच तालुक्यातला. टोपल्या विणणाऱ्या एका मावशींकडून कळकाच्या कामट्या कशा काढायच्या ते शिकलो. सुरीनं चिरायचं नाही. सुरी फक्त वाट दाखवते, चीर बांबू स्वतः घेतो. मिलिमीटरभर रुंदीच्या कामट्या, मधे तेवढीच फट. ही फट करताना लक्षात आलं की ती नुसती वजनासाठी नसणार. खाली चाळीस माणसं उघड्या अंगानं वल्हवत आहेत, एप्रिलचा महिना आहे, डोक्यावर सलग फळ्या टाकल्या तर ती तासाभरात गुदमरतील. ऑर्मनं वजनाचं कारण दिलं आहे. हवेचं कारण माझ्या बोटांनी दिलं. पुराव्यात ते धरू नये, पण मला पटलं आहे.

जंबुरे पितळेचे. चार मिलिमीटरची सळई ड्रिलच्या तोंडात घट्ट धरायची, ड्रिल टेबलाला आवळायचं, आणि फिरत्या सळईवर कानस टेकवायची. घरगुती लेथ. लांबी पंचवीस मिलिमीटर, तोंडाशी निमुळती, दोन कडी, मागे घुंडी. तोफ सोपी, अवघड तिचं बेचकं. गलोलीला असतं तसंच, फक्त खालची दांडी काठाच्या लाकडात उभी फिरते आणि वरच्या दोन बोटांत तोफ वरखाली झुलते. एकाच वस्तूला दोन दिशांनी हालचाल. यासाठी पुन्हा सोनार. त्यांनी जंतरातून तार हवी तेवढी बारीक ओढून दिली, टाकणखार लावून डाग कसा द्यायचा ते दाखवलं. आणि फुंकणी माझ्या हातात दिली. माझी पहिली दोन बेचकी वितळून गोळ्या झाल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: तुम्ही वस्तूकडे बघता, जाळाकडे बघा. डाग धावतो त्या क्षणी जाळ बाजूला. बारा जंबुऱ्यांना तीन रविवार गेले, आणि प्रत्येक जंबुरा फिरतो. फिरायची गरज नव्हती, काचेच्या पेटीत कोण फिरवणार? पण तांडेलाला तो रोखता आला पाहिजे.

शीड ज्याच्यावर चढतं ते परबाण म्हणजे आडवी कलती काठी, जवळजवळ जहाजाएवढीच लांब. एवढं लांब एकसंध लाकूड मिळायचं नाही म्हणून दोन-तीन काठ्या जोडून त्यावर जागोजाग दोरीचे वेढे आवळतात. हे वेढे घालणं हेच त्या काठीचं सौंदर्य. मी अकरा ठिकाणी घातले. आणि डोलकाठी पुढे कललेली ठेवली. हे पाहून प्रत्येक पाहुणा 'वाकडी बसली वाटतं' म्हणतो. कललेली असते म्हणूनच परबाण काठीपासून सुटं लोंबतं आणि फिरवता येतं. शिडाला मांजरपाट वापरून पाहिला. चाळीसपटीच्या हिशेबात तो सतरंजीइतका जाड ठरला. आजोबांचं एक जुनं मलमलचं उपरणं कामी आलं.

कापड लहान करता येतं, वारा येत नाही. हा धडा पाण्यात मिळाला. हिशेबानं गलबताचं वजन दीड किलोच्या आसपास हवं, तरच ते पाण्यात योग्य रेषेपर्यंत बसतं. माझं साडेनऊशे ग्रॅम भरलं. उरलेलं वजन तळाशी हवं म्हणून फेकजाळ्याला लावतात तशा शिशाच्या गोळ्या पठाणाच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, दोन्ही बाजूंना ओळीनं बसवल्या. बादलीत, मग हौदात ते झोकात तरंगलं. डिसेंबरातल्या एका सकाळी प्रवरेवर नेलं, अगस्ती आश्रमाच्या बाजूला, जिथे पाणी संथ असतं. शीड चढवलं. डोंगरावरून एक झुळूक आली आणि गलबत काही विचार न करता आडवं झालं.

मी आधी जंबुऱ्यांना दोष दिला. पितळ वर, शिसं खाली, वरचं जड झालं असणार. बारा मिळून तीस ग्रॅम. त्यांचा काही गुन्हा नव्हता. प्रतिकृती चाळीसपट लहान केली की वारा जहाजाला कलवतो तो तरफेचा जोर मापाच्या घनानं कमी होतो, पण जहाजाला सरळ उभं करणारा जोर चौथ्या घातानं. म्हणजे हुबेहूब गलबत खऱ्यापेक्षा चाळीसपट लवकर उलटतं, आणि कारागिरी जितकी चोख तितकं जास्त हमखास. अजिंठ्याच्या चित्रावरून नौदलानं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज बांधलं, तेव्हाही आधी लहान प्रतिकृती आयआयटी मद्रासच्या हौदात तपासली होती. गोव्यात होडी इनोव्हेशन्सनं ते जहाज बांधलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरवलं, त्या मेमध्ये कारवारला ते नौदलात आलं. त्याच्यावरचा नांगर दगडी आहे, हडप्पाकालीन धाटणीचा. खिळे नाहीत, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. पण तिथे हौदातल्या पाण्याचं आणि खऱ्या समुद्राचं गणित सोडवणारी माणसं होती. इथे मी आणि फेकजाळ्याच्या गोळ्या.

उपाय जुना आहे: पाण्यात सोडताना तळाला वेगळी, खोल, खाली शिसं लावलेली पट्टी लावायची, पेटीत ठेवताना काढायची. शुद्धतावाद्यांना हे चालत नाही. मी पट्टी केली, दोन स्क्रूंवर बसणारी, आणि संक्रांतीनंतर पुन्हा नदीवर गेलो. या वेळी लोहारमिस्तरीही आले होते. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं की नांगर झाला.

गलबत चाललं. सुमारे बारा मीटर, शीड भरून, नाळेशी पाण्याची बारीक मिशी काढत. वल्ही मी आत घेऊन ठेवली होती, कारण चाळीस वल्ही एका लयीत चालवणारं यंत्र माझ्या आवाक्यात नाही आणि अर्धवट वल्ही केविलवाणी दिसतात. पलीकडच्या काठाजवळ ते दगडांना लागणार असं वाटल्यावर मी पाण्यात शिरलो आणि थांबवण्यासाठी नांगर सोडला. माझ्या हातानं वळलेला दोर, तीन पदरी, कातात रंगवलेला, मेण पाजलेला. मेणानं तो इतका गुळगुळीत झाला होता की नांगराच्या कडीतली गाठ पाण्यात पडताक्षणी सुटली. तांब्याची एक लकाकी दिसली, मग गाळ.

आम्ही दोघांनी अर्धा तास पाण्यात हात घालून शोधला. आमच्या घाटातलं पाणी पश्चिमेला जात नाही. रतनगडाखालून निघालेली प्रवरा भंडारदरा, अकोले, संगमनेर करत टोक्याजवळ गोदावरीला मिळते, पुढे जायकवाडी, आणि तिथून वाट पूर्वेची, बंगालच्या उपसागराची. अरबी समुद्रासाठी केलेला नांगर. मिस्तरी वर येऊन पँट पिळत म्हणाले, पुढचा मी करतो, लोखंडाचा, पण सेंटिमीटरचं सांगू नका, एक जुना घेऊन या म्हणजे मापाला बरं. मी म्हटलं, जुना तर आत्ताच गेला.